घारीचे खाते

आमच्या घरची रोजकीर्द मी लिहितो. बी.कॉम.ला नाव घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी अण्णांनी ती लाल वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “शिकायलास न्हवं? मग आता तूच लिही.” तेव्हापासून दूध, खत, मजुरी, बस्तीची वर्गणी, आजीची औषधे असा सगळा जमाखर्च माझ्या अक्षरात आहे. वहीत कुठे खाडाखोड नाही. फक्त १२ जानेवारी २०२५ च्या पानावर एक ओळ खोडलेली आहे आणि तिच्यावर अण्णांच्या हातची दुसरी ओळ आहे. आज त्या एका ओळीबद्दलच लिहायचे आहे.

आदल्या दिवशीची गोष्ट. तो महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे सरकारी कचेऱ्या बंद. संक्रांत तीन दिवसांवर आली होती. आमचे गाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. नदीच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. संध्याकाळी पोरांचा गलका ऐकून मी गोठ्यामागे गेलो, तर चिंचेच्या शेंड्याला काहीतरी काळे लोंबकळत होते. आधी वाटले, वाऱ्याने उडालेली फाटकी छत्री असावी. तेवढ्यात त्या छत्रीने एक पंख उघडला आणि पुन्हा मिटला. ती घार होती. पतंगाचा मांजा तिच्या उजव्या पंखाला गुरफटला होता आणि जितकी ती धडपडत होती, तितका तो आत रुतत होता.

मी झाडावर चढलो. बांबूला कोयता बांधून मांजा तोडायला गेलो, पण तो सुती दोऱ्यासारखा तटकन तुटेना. हाताने ओढला, तर माझ्याच तळहाताला चीर पडली. मांजा नायलॉनचा होता, हिरव्या रंगाचा. तो रंग पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्या वेळी मी कोणाला काही बोललो नाही. शेवटी एकदाचा तो तुटला, घार खाली धरलेल्या पोत्यात पडली आणि आम्ही तिला गोठ्यात आणली.

आम्ही जैन. मुंगीला साखर घालणारे घर. जखमी जीव दारात आला म्हटल्यावर घरातले प्रत्येक माणूस हातातले काम टाकून धावले. आजीने चमच्याने तिच्या चोचीत पाणी सोडले. आईने दुधात पाव कुस्करून आणला. घारीने मान झटकली, दोनदा ठसकल्यासारखे केले आणि डोळे मिटले. आम्हांला वाटले, पाणी प्याली, आता बरे वाटत असेल!

आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागात कविता लिहिणारा माझा एक वर्गमित्र आहे. त्याला फोन केला. त्याच्या ओळखीचे एक वनरक्षक होते. सुट्टी असूनही ते रात्री आठ वाजता मोटारसायकलवरून आले. आजीच्या हातातला चमचा पाहताच ते दारातूनच ओरडले, “नीर हाकब्याडरी!” पाणी घालू नका!

मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. चोच उघडून पाणी ओतले, की ते पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाऊ शकते आणि जखमेने न मेलेला पक्षी आपल्या मायेने मरतो. त्याला घट्ट आवळून धरणेही तितकेच वाईट. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड खालीवर झाले, तरच त्याचा श्वास चालतो. आम्ही तर तिला बाळासारखी उराशी कवटाळून आणली होती! वनरक्षकांनी बिस्किटांचा मोठा पुठ्ठ्याचा खोका मागितला, त्याला चहूबाजूंनी भोके पाडली, तळाशी जुने लुगडे अंथरले, टॉवेल टाकून घार अलगद उचलली आणि आत ठेवून झाकण लावले. अंधार, ऊब आणि शांतता एवढेच पहिल्या रात्रीचे औषध. “माणसाचं तोंड दिसलं तरी तिचं काळीज धडधडतंय,” ते म्हणाले, “तिला वाटतंय तुम्ही तिला खाणार.” आम्ही, आणि तिला खाणार! आजीला ते ऐकून फार वाईट वाटले.

या वनरक्षकांनी पूर्वी गोकाक तालुक्यातल्या धुपदाळला काम केले होते. तिथे घटप्रभा नदीवरच्या बंधाऱ्यामुळे पाणी पसरून राहते. मधल्या बेटांवर आणि काठच्या झाडीत पक्षी उतरतात. १९७४ साली हा सुमारे तीस चौरस किलोमीटरचा पट्टा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. थंडीत मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे करकोचे तिथे त्यांनी पाहिले होते. मी विचारले, “मग हिलाही तिथेच सोडायची का?” ते हसले. अभयारण्य म्हणजे दवाखाना नव्हे. तिथे पिंजरा नसतो, खाऊ घालणारा नसतो. आम्ही त्यांच्यात पडत नाही, एवढेच अभय. पण पंख तुटलेल्या पक्ष्याला मोकळे आभाळ देऊन काय उपयोग? त्याला आधी उपचार, मग व्यायाम, मग आभाळ.

पुढचा प्रश्न होता नेण्याचा. आमच्या गावाहून कोल्हापूर जवळ. बेळगाव त्यापेक्षा कितीतरी लांब. आमच्याकडे माणूस आजारी पडला की गाडी सरळ पुलापलीकडे कोल्हापूरला धावते. मी तेच सुचवले. वनरक्षकांनी मान हलवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा पक्षी घरात ठेवता येत नाही, अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावे लागते. आणि परवानगीशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताही येत नाही. “हद्दु मीरबारदु,” ते म्हणाले. हद्द ओलांडायची नाही. सोमवारी सकाळी खात्याची गाडी येईल. तोवर घार गोठ्यात राहू दे.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि आमच्या गोठ्यात एकदम शांतता पसरली. “उद्या दुपारी तिला थोडं मांस द्या. कच्चं, बारीक तुकडे, मीठ-मसाला काही नाही.”

माझ्या आईचे माहेर अथणीकडचे, तिची मायबोली कन्नड. तिने हळूच विचारले, “ब्यारे एनू तिन्नूदिल्लेनरी?” दुसरे काहीच खात नाही का हो?

“अदक्क अद ऊट री, अक्का.” तिला तेच जेवण, अक्का.

आमच्याकडे चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी ती पाठ केली आहेत. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटले, औषध देता येईल, अभय देता येईल, वनरक्षकांनी शास्त्रही शिकवले. पण पहिल्याच दानापाशी आमचे घोडे अडले.

रविवारी सकाळी आमच्या म्हशीला तपासणारे पशुवैद्य आले. “मी गाईम्हशींचा डॉक्टर,” असे त्यांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितले आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या आपल्या एका मित्राला फोन लावून, त्याला विचारत विचारत काम सुरू केले. पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. शिडाला जशी दोरी, तसा पंखाला तो. मांजा नेमका तिथेच रुततो. आमच्या घारीचा तो पडदा बोटभर चिरला होता, पण हाड मोडले नव्हते आणि पडद्याच्या कडेची शीर पूर्ण तुटली नव्हती. जखम धुऊन त्यांनी टाके घातले आणि पंख मिटून अंगाशी पट्टीने बांधला. पट्टी फार दिवस ठेवली तर तो पडदा आखडतो आणि पंख कायमचा उघडत नाही, हेही बजावले. मग त्यांनी तिला टॉवेलसकट तराजूत ठेवली आणि टॉवेलचे वजन वजा केले. सहाशे ग्रॅमच्या थोडी वर! साखरेच्या किलोच्या पुडीहूनही हलकी. आणि पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दीड मीटर. आभाळात इतका मोठा दिसणारा जीव म्हणजे नुसती पिसे, पोकळ हाडे आणि भूक.

डॉक्टर गेल्यावर आई स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग बाहेर आली आणि दुधाच्या पैशांतली शंभराची नोट माझ्या हातात ठेवून म्हणाली, “हे कशाला लागणार, ते मला सांगू नकोस. घरात काही आणायचं नाही. आपला विळा नको, आपलं ताट नको.” आणि पुन्हा आत गेली.

वीस वर्षांच्या आयुष्यात मी कधी कोंबडीच्या दुकानापुढे उभा राहिलो नव्हतो. रविवार असल्यामुळे तिथे रांग होती. मी टोपी डोळ्यांवर ओढली, पण खेडेगावात टोपीने काय झाकते! दुकानदाराने विचारले, “किती देऊ?” मला मापच ठाऊक नव्हते. “एका घारीपुरतं,” मी म्हणालो. सगळी रांग हसली. साठ रुपयांचे मांस घेऊन मी मित्राच्या घरी गेलो, त्याच्या आईने तुकडे करून दिले, आणि करवंटीत घालून ते मी गोठ्याच्या मागच्या दाराने आत नेले. लांब चिमट्याने एक तुकडा पुढे धरला. घारीने पाहिलेही नाही. खोका थोडा झाकून मी मागे सरकून बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग आतून पायाच्या नख्यांचा खरखर आवाज आला आणि पाठोपाठ गिळल्याचा.

गोठ्याच्या दारात, आमच्याकडे पाठ करून, आई उभी होती. कधीची उभी होती कोणास ठाऊक. तोंड न वळवताच तिने विचारले, “खाल्लं काय?”

“खाल्लं.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. हात तिने कशालाच लावला नव्हता तरी.

संध्याकाळी आजी बस्तीतून परतली ती घुश्शातच. कोणीतरी तिला गाठून सांगितले होते, ‘तुमचा नातू आज कोंबडीच्या दुकानात रांगेत होता.’ ती जेवलीही नाही. शेवटी म्हणाली, “जीव वाचवायला जीव घ्यायचा, हे कुठल्या पोथीत लिहिलंय रे?”

मला उत्तर आले नाही. अजूनही नीट येत नाही. आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता. ती कधीकाळी शिखरजीच्या यात्रेहून परतताना दिल्लीला थांबली होती. लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिर आहे. त्याच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. पंख्यात सापडलेली कबुतरे, पाय मोडलेले पोपट तिथे ओळीने पिंजऱ्यांत ठेवून बरे करतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते, आणि आम्हां नातवंडांना ते वर्णन शंभरदा ऐकवले होते. तिच्या मनातली जीवदया म्हणजे ते दृश्य. त्यात घार नव्हती.

घार तिथे का नव्हती, हे मला पुढे कळले. मांसाहारी पक्ष्यांना त्या रुग्णालयात इतरांसारखे ठेवून घेत नाहीत. नियमामागे धर्म आहे, आणि थोडा व्यवहारही आहे. घारीच्या शेजारी ठेवलेले कबूतर जखमेने नाही तर धास्तीनेच मरायचे. दिल्लीतले दोन भाऊ, नदीम शहजाद आणि महंमद सौद, लहानपणी एक जखमी घार घेऊन गेले, तेव्हा ‘ही मांस खाते’ म्हणून तिला ठेवून घेतले गेले नाही. ती घार त्यांच्या मनातून गेली नाही. २००३ च्या सुमारास अशीच दुसरी घार सापडली आणि त्यांनी स्वतःच उपचार शिकायला सुरुवात केली. तरुणपणी व्यायामाचे वेड होते, त्यामुळे स्नायू आणि शिरा यांची थोडी ओळख होती. पोटापाण्याचा धंदा हात धुण्याच्या साबणाची यंत्रे बनवण्याचा. वजिराबादला घराच्या तळघरात यंत्रांच्या शेजारी घारींचे खोके ठेवत ठेवत २०१० मध्ये त्यांनी ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ नावाची संस्था काढली. शौनक सेन यांनी त्यांच्यावर केलेल्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाला २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पारितोषिके मिळाली, आणि २०२३ मध्ये ऑस्करसाठी नामांकनही. तोवर त्यांच्या हातांखालून वीस हजारांवर शिकारी पक्षी गेले होते, आणि त्यांतले पुष्कळसे मांजाने कापलेले होते.

आजीला मी हे सगळे सांगितले ते फार नंतर. त्या रात्री मात्र मी गप्प बसून रोजकीर्द लिहायला घेतली. दुधाच्या पैशांतले शंभर गेले होते, चाळीस परत आले होते. साठ रुपयांपुढे काय लिहावे? बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि लिहिले : ‘औषध – ६०’.

अण्णा रात्री वही पाहतातच. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. “कुणाचं औषध?”

मी खाली पाहिले. त्यांना ठाऊक होतेच. गावात कोणाला ठाऊक नव्हते? ते रागावतील असे वाटले. पण त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले, ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिले : ‘घारीचे खाणे – ६०’.

“खर्च केलास, त्याचं काय ते देव बघेल,” ते म्हणाले, “पण वहीत खोटं लिहायचं नाही. घार खाते, तर खाते म्हणून लिहावं.”

आजी पलीकडे जपमाळ घेऊन बसली होती. तिने ऐकले. ती काही बोलली नाही. पण सोमवारी सकाळी गाडी आली तेव्हा खोक्याच्या तळाला घालायला स्वतःचे दुसरे जुने लुगडे तिनेच काढून दिले.

गाडीबरोबर आलेल्या वनरक्षकांनी दोन ओळींचा कन्नड जबाब लिहून माझी सही घेतली. सीमाभागातल्या माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड कागद वाचण्याची सवय असते, कारण घरातले सातबाराचे आणि मोजणीचे सगळे कागद मलाच वाचून दाखवावे लागतात. जबाबात पक्ष्याच्या नावाच्या जागी शब्द होता, ‘हद्दु’. मी चक्रावलो. अण्णांच्या शेताच्या मोजणीच्या कागदावर ‘हद्दुबस्तु’ असा शब्द आहे, म्हणजे हद्द ठरवून देणे. शनिवारी रात्री ‘हद्दु मीरबारदु’ म्हणतानाही त्यांनी हाच शब्द वापरला होता. घारीच्या कागदावर शेताची हद्द कशी आली? आई हसली. “अरे, आमच्यात हद्दु म्हणजे शीव बी, आणि हद्दु म्हणजे घार बी. एकच शब्द.”

ज्या पक्ष्याला कुठलीच शीव ठाऊक नाही, त्याचे आणि शिवेचे नाव एकच! दूधगंगेच्या काठावर वीस वर्षे राहून, दोन्ही भाषा बोलून, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

बेळगावकडच्या ज्या केंद्रात तिला ठेवले होते, तिथे मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात एक वेडी आशा होती, की ती मला ओळखेल. खोक्यातून काढलेल्या हाताला, रांगेत उभे राहून मांस आणणाऱ्याला, ती काही तरी खूण देईल. मला पाहताच ती पिंजऱ्याच्या दूरच्या कोपऱ्यात गेली, पिसे फुलवून तिने चोच उघडली आणि माझ्याकडे पाहिले, ते शत्रूकडे पाहावे तसे. माझा चेहरा पडलेला पाहून तिथले काळजीवाहक म्हणाले, “ओळखत नाही हेच बरं. माणसाला ओळखू लागली, तर बाहेर सोडल्यावर माणसाच्याच खांद्यावर येऊन बसेल आणि कोणीतरी दगड घालील.” तिला खाणेही ते स्वतः न दिसता आडून सरकवत होते. प्रेम करायचे आणि ते कळू द्यायचे नाही, असे ते काम. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती लांबट पिंजऱ्यात होती. दोन्ही टोकांना बसायला आडव्या काठ्या, दिवसागणिक थोड्या थोड्या उंच बांधलेल्या. आखडलेला पंख असा रोज उडून मोकळा करायचा. ती या टोकाहून त्या टोकाला जाई आणि उतरताना उजवीकडे किंचित कलत असे. उजवा पंख अजून पूर्ण उघडत नव्हता.

परतीच्या एस.टी.त मला माझ्या हिशेबातली खरी बाकी आठवली. ती मी तोवर कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या माळ्यावर एक फिरकी होती. दोन वर्षांपूर्वी मी ती बाजारातून आणली होती, नायलॉनची, हिरव्या मांजाची. त्याला लोक ‘चिनी मांजा’ म्हणतात, पण तो आपल्याकडेही तयार होतो. जुना मांजा सुती दोऱ्याला खळ आणि काचेची पूड लावून करत. तोही कापतो, पण पावसाळ्यात कुजून जातो. नायलॉन कुजत नाही. झाडावर अडकला की पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी तसाच फास लावून बसतो. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्याच्यावर बंदी घातली. मला ती बंदी ठाऊक होती. दुकानदाराला ठाऊक होती, म्हणून तर त्याने फिरकी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. त्या वर्षी मी सात पतंग कापले आणि माझे चार कापले गेले. कापल्या गेलेल्या प्रत्येक पतंगाबरोबर किती हात मांजा गेला आणि तो कुठल्या झाडावर अडकला, याचा विचारही मी केला नव्हता. आमच्या गोठ्यामागची चिंच आमच्या गच्चीपासून पन्नास पावलांवर आहे.

तो मांजा माझाच होता, असे मी म्हणू शकत नाही. गावात हिरव्या फिरक्या आणखीही असतील. पण तो माझा नव्हता, असेही मला म्हणता येत नाही. घरी आल्यावर मी फिरकी माळ्यावरून काढली आणि अण्णांपुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि एवढेच विचारले, “ही वहीत कुठं लिहिलीयस?” ती मी ‘वह्या-पुस्तके’ या सदरात घातली होती.

मांजा जाळला तर विषारी धूर, फेकला तर पुन्हा फास. वनरक्षकांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि माझ्या कन्नड मित्राने कात्रीने त्याचे बोटभर तुकडे केले. दोन संध्याकाळी लागल्या. मग आम्ही गावातली झाडे पालथी घातली आणि चिंच, वड, शाळेमागचा गुलमोहर यांवरून दोन पिशव्या भरून मांजा उतरवला. त्यातला काही फिकट झाला होता, पण ओढून पाहिला तर कुठलाच तुटला नाही.

२३ मार्चला, रविवारी सकाळी, वनरक्षकांचा फोन आला. बरा झालेला पक्षी शक्यतो जिथे सापडला तिथेच सोडतात. तिथले वारे, पाणी आणि आपले सोबती त्याच्या ओळखीचे असतात. आम्ही सगळे नदीकाठी गेलो. आजी येणार नाही म्हणाली होती, पण आम्ही पोचण्यापूर्वी तीच बांधावर येऊन बसली होती. खोक्याचे झाकण काढले आणि सगळे मागे सरकले. घार क्षणभर काठावर बसली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. आई माझ्या शेजारी उभी होती. माहेरी निरोप देताना म्हणतात तसे ती अगदी हळू म्हणाली, “होगि बा.” जाऊन ये.

घार उडाली. पहिल्या दहा हातांत ती इतकी खाली आली, की माझा श्वास थांबला. मग तिने पंख मारले, उजवीकडे किंचित कलली, सावरली आणि विजेच्या खांबावर जाऊन बसली. पाव तास ती तिथेच होती. ऊन चढले, वारा तापून वर उठू लागला, तशी ती खांबावरून सुटली आणि पंख न हलवता एकेक घिरटी घेत वर वर गेली. नदीवर दोन फेऱ्या मारून ती पलीकडे गेली, कागलच्या बाजूला. वनरक्षक कपाळावर हात धरून पाहत होते. ते हसून म्हणाले, “परवानगी न घेताच गेली बघा!”

आता आभाळात घार दिसली की मी आधी तिचा उजवा पंख पाहतो. आईही पाहते, अंगणात धान्य वाळत घालताना मध्येच मान वर करते आणि विचारते, “ती आपली न्हवं काय रे?” मला सांगता येत नाही. आजीने आपला प्रश्न मागे घेतलेला नाही, आणि मलाही त्याचे उत्तर सापडलेले नाही. पण या जानेवारीत गावातली पोरे गच्चीवर चढली तेव्हा तीच काठी टेकत खाली उभी राहिली आणि एकेकाची फिरकी मागून घेऊन, मांजा दातांत धरून, तो तुटतो की नाही ते तपासत होती. तिचे दात तीनच उरले आहेत.

रोजकीर्दीत ‘घारीचे खाणे’ ही ओळ एकदाच आली. साठ रुपये खर्ची पडले, त्याचे नाव लागले, ते खाते मिटले. दुसरी बाजू मात्र मला अजून लिहिता आलेली नाही. सात पतंग कापले, चार गेले, आणि त्या चारांबरोबर गेलेला हिरवा मांजा दोन पिशव्यांत सापडला तेवढाच होता की आणखी कुठल्या शेंड्यावर आहे, हे मला ठाऊक नाही. ते पान मी कोरे ठेवले आहे.